कप्प्यामागचा डबा

बिश्केक, २ मार्च

प्रिय मेव्हणीबाई सालकिनाय,

पत्र पाहून तू चक्रावशील. सैन्यात होतो तेव्हा तुझ्या ताईला लिहायचो, त्यानंतर केनेशबेकच्या हातून कुणाला गेलेलं हे पहिलंच पत्र. पण तू फोन उचलत नाहीस. म्हटलं, दूरोनच्या टॅक्सीतून चहाच्या पुड्या पाठवतोच आहे, त्यात चार ओळी टाकाव्यात. आत-बाशीच्या टॅक्सीतून लोक कोंबड्यांपासून म्हाताऱ्यांच्या कवळ्यांपर्यंत काय वाटेल ते पाठवतात, त्यात एक कागद काही जड नाही.

इकडे सगळं उत्तम. तुझी ताई मजेत आहे. लग्नसराईच्या गाद्या-रजया शिवण्यात इतकी बुडालेली असते की तिचाही फोन लागत नाही. आत्ता स्वयंपाकघरात बोर्सोक तळते आहे. हात पिठाने भरलेत, नाहीतर तिनेच दोन ओळी खरडल्या असत्या. तुला आठवण सांग म्हणाली.

माझं गॅरेज जोरात चाललंय. गाडीच्या विजेचं दुखणं शहरात एकट्या केनेशबेकला कळतं असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत नाही, उगाच कशाला कुणाला खोटं पाडा.

सहज आठवलं म्हणून विचारतो. तुमच्या गल्लीत एवढ्यात एखादी पांढरी जपानी व्हॅन आलेली दिसली का? उजवीकडे स्टिअरिंग, मागच्या काचेवर रजईच्या कापडाचा पडदा. एका गिऱ्हाइकाची आहे, तिकडे गेल्याचं कानावर आलं. तिचा हीटर जरा नाजूक आहे. चालवणाऱ्याने, किंवा चालवणारी असेल तर तिने, डोलोनची खिंड भर दुपारीच ओलांडावी. धंद्यातली काळजी म्हणून लिहितो, दुसरं काही नाही.

तुझ्या सासऱ्यांना सलाम.

तुझा दाजी,
केनेशबेक

•

आत-बाशी, ४ मार्च

दाजी, सलाम.

बोर्सोक कसे झालेत? विचारते अशासाठी, की ते तळणारी बाई गेल्या आठवड्यापासून माझ्या घरात माझ्यासमोर बसून माझे बोर्सोक खाते आहे. तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. 'हात पिठाने भरलेत' या ओळीला ताईने स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि पुन्हा चहा ओतून घेतला. हसली मात्र नाही.

तुमच्या त्या गिऱ्हाइकाची व्हॅन आमच्या अंगणात उभी आहे. गिऱ्हाईक तुमची बायको आहे हे तुम्ही विसरला असाल, कामाच्या गर्दीत होतं असं. खिंड तिने भर दुपारीच ओलांडली. तरी अंगावर तिच्याच शिवलेल्या दोन रजया होत्या आणि समोरच्या काचेवर आतून धरलेला बर्फ एका हाताने खरवडत ती आली. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. समोरच्या पट्टीवरचे होते नव्हते तेवढे दिवे लागले, काटे आडवे पडले आणि गिअरचा दांडा जागचा हलेना. मामंजींनी इंजिनाखाली गरम राख ठेवायला सांगितली. शेजारचा टीव्ही दुरुस्त करणारा पक्कड घेऊन तारा कापायलाच निघाला होता, त्याला मी चहा पाजून परत पाठवला.

फोन मी उचलत नाही, कारण तो वाजला की ताई त्याच्यावर हात ठेवते. पत्राला मनाई नाही. तुम्ही पत्र लिहाल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं, म्हणून ती तेवढी सोय बंद करायची राहून गेली. तेव्हा असं करूया. तुम्ही मला लिहायचं, मी मोठ्याने वाचायचं, आणि ती ऐकते की नाही ते तिचं तिला माहीत.

का आलीस, असं मी विचारून पाहिलं. "गाडी चालवायची होती," म्हणाली. तुमच्याबद्दल बरं नाही, वाईट नाही, एक अक्षर नाही. शिव्या देत असती तर मी निर्धास्त झोपले असते. गाडी दुरुस्त झाल्यावर बिश्केकला जाणार का, असंही विचारलं. म्हणाली, गाडी दुरुस्त झाली की मी कुठेही जाऊ शकते. हे तुमच्या बाजूचं की विरुद्ध, ते तुम्ही हुशार आहात, तुम्हीच ठरवा.

नूरुझचा सण तोंडावर आलाय. मोड आलेल्या गव्हाचा सुमोल्योक शिजवायला तुमच्या गल्लीची कढई दरवर्षी ताई लावते. यंदा शेजारणींना काय सांगितलंत? की ती अजून बोर्सोकच तळते आहे?

गाडीला काय झालंय ते लिहा. तुम्हाला काय झालंय तेही लिहिलंत तर उपकार होतील.

सालकिनाय

•

बिश्केक, ६ मार्च

मेव्हणीबाई,

बोर्सोक करपले, असं समज आणि तो विषय सोडून दे.

शेजारणींना मी सांगितलंय की तुझी ताई आसिलकान आईला भेटायला कोचकोरला गेली आहे. तुझ्या आईला एक फोन करून ठेव, म्हणजे कुणी विचारलंच तर तिने गोंधळ घालू नये. तुमच्या घरात खरं बोलायची फार वाईट खोड आहे.

आता गाडी. नीट वाच, आणि जी ऐकत नाही तिला ऐकू जाईल असं वाच.

तुम्हाला वाटतं गाडीला एक डोकं असतं. तसं नसतं. तिच्यात ठिकठिकाणी डबे असतात. इंजिनाचा एक, गिअरचा एक, ब्रेकचा, दारांचा, हीटरचा, समोरच्या दिव्यांचा. आम्ही धंद्यात मॉड्यूल म्हणतो, तुझी ताई डबा म्हणते. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा गाडीभर फिरतात आणि सगळे डबे त्याच दोन तारांवर बोलतात. कुणी कुणाचं नाव घेत नाही. इंजिनाचा डबा म्हणतो, पाणी तापलंय. कुणाला सांगतो? कुणालाच नाही. सगळे ऐकतात, ज्याच्या कामाचं असेल तो घेतो. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर ज्याची गोष्ट जास्त निकडीची तो बोलत राहतो, दुसरा मुकाट्याने थांबतो आणि तार मोकळी झाली की आपलं सांगतो. ही रीत तुमच्या माहेरच्या जेवणात मी कधी पाहिली नाही.

बोललेलं नीट पोहोचलं का हे प्रत्येक डबा तपासतो. गडबड वाटली की ओरडतो, चूक. मग ते बोलणं सगळेच टाकून देतात आणि बोलणाऱ्याला पुन्हा सांगावं लागतं. आपलंच बोलणं सारखं चुकतंय असं एखाद्याला दिसलं तर तो आपणहून गप्प होतो. तार पुरेशी शांत झालेली ऐकली की मगच पुन्हा बोलू लागतो. एवढी अक्कल लोखंडाच्या डब्यात आहे.

तुमच्या अंगणात झालंय ते असं. एक कुणीतरी डबा थंडीने बिघडलाय आणि दुसऱ्या प्रत्येकाच्या बोलण्याला 'चूक, चूक' म्हणत सुटलाय. स्वतः चुकतोय हे त्याला पटत नाही. त्यामुळे कुणाचंच कुणाला पोहोचत नाही आणि सगळे दिवे लागतात. बॅटरीची तार सोडायची, एकेका डब्याची जोडणी काढायची, तार पुन्हा लावायची आणि किल्ली फिरवून बघायचं. जो काढल्यावर बाकीचे शहाण्यासारखे बोलू लागतील तो चोर. गिअरपासून सुरू करा, मग दारं बघा, मग दिवे.

सामान ठेवायच्या पुढच्या कप्प्यामागे एक डबा आहे, त्याला हात लावू नका. तो मी स्वतः पाहिलाय, ठणठणीत आहे. तिथपर्यंत पोहोचायला कप्पा सोडवावा लागतो, उगाच तुमची नखं मोडतील.

केनेशबेक

•

आत-बाशी, ९ मार्च

दाजी, सलाम.

आमच्या नखांची काळजी वाचून डोळे भरून आले.

साहजिकच आम्ही आधी कप्पा सोडवला. ही अक्कल माझी नाही, मामंजींची. ते टॉर्च हातात धरून उजेड पाडत होते. तरुणपणी ते सामुदायिक शेतीवर मेंढ्या मोजायला जायचे. गोठ्याचा मुकादम ज्या कोपऱ्याकडे जायला नको म्हणायचा, तिथूनच ते मोजणी सुरू करायचे आणि मेंढ्या नेहमी तिथेच कमी भरायच्या. तुमची ती ओळ त्यांनी मला दोनदा वाचायला लावली.

डब्यांच्या बोलण्याची तुमची गोष्ट त्यांना फार आवडली. मला तर त्यात नवीन काहीच दिसलं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी अशीच बोलते. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, समोरून हाकही मारायची नाही. मी भिंतीकडे बघून म्हणते, चहा निवतोय. ज्याच्या कामाचं असेल तो उठून येतो. हे शोधायला मोठमोठे इंजिनियर बसले होते म्हणे. एखाद्या सुनेला विचारलं असतं तर तेवढा वेळ वाचला असता.

तर कप्पा निघाला. मागे डबा होता. त्याच्यावर पिवळ्या रंगात, भंगारबाजारातली माणसं लिहितात तशा अक्षरात, भलत्याच गाडीचं नाव आणि साल होतं. मी त्याची जोडणी काढली. ताईने किल्ली फिरवली. एकेक करून सगळे दिवे गेले, काटे उभे राहिले आणि गाडी अशी सुरू झाली की जणू कधी बंदच नव्हती. फक्त हीटर नाही. कारण तो हीटरचाच डबा होता.

ताईने तो हातात घेऊन ती पिवळी अक्षरं वाचली. मग म्हणाली, "म्हणजे फ्यूज नव्हता."

आता दूरोनच्या बडबडीवरून मला कळलं ते सांगते, चुकलं तर 'चूक' म्हणून ओरडा. गिऱ्हाइकाच्या गाडीत काय बिघडलंय ते कळेना की आपल्याकडचा चालता भाग लावून बघायचा, ही तुमची पद्धत मला माहीत आहे. फक्त बघून झाल्यावर तो परत काढायचा असतो. जानेवारीत त्या लग्नाच्या हॉलवाल्या जिरगालच्या गाडीचा हीटर त्याच्या मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गेला. ताईच्या गाडीतला डबा तुम्ही त्याच्या गाडीत लावून पाहिलात. चालला. मग तो तिथेच राहिला आणि ताईच्या गाडीतलं भोक दिसू नये म्हणून तुम्ही हे भंगार तिथे बसवलंत. तिला सांगितलंत, फ्यूज जळलाय, जपानहून मागवलाय.

त्या फ्यूजची वाट बघत असताना ती आईला डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर कोचकोरला सोडायला गेली होती. माझी पण आई आहे ती, दाजी. डोळ्याला पट्टी, अंगावर रजया, आणि दात वाजताना ऐकू येऊ नयेत म्हणून तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक धरलेलं. वाटभर कुरकुर केली नाही. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, की केनेशबेकला नका सांगू, त्याला वाईट वाटेल.

ही गाडी ताईने गाद्या-रजया शिवून घेतली. तिच्यातूनच ती नवऱ्या मुलींच्या घरी माल पोचवते. तुमच्या धंद्याला लागतं म्हणून आधी आरसा गेला, मग मागच्या वायपरची मोटर गेली, मग हा डबा गेला. जिरगालला नाही म्हणायची तुम्हाला लाज वाटली. तिला विचारायचीही गरज वाटली नाही.

काल ती फक्त एवढंच बोलली. "मी ओरडत नाही, म्हणून माझ्यातलं काढतात." हे तिने मला सांगितलं नाही. भिंतीकडे बघून म्हणाली. मी घेतलं आणि तुम्हाला पाठवते.

सालकिनाय

•

बिश्केक, ११ मार्च

सालकिनाय,

तुझ्या सासऱ्यांना माझ्या गॅरेजात नोकरी द्यायला मी तयार आहे, सांग त्यांना.

एक बाजू ऐकून निकाल देतेस हे बरं नाही. लग्नाला अर्धं शहर यायचं होतं. जिरगाल गॅरेजच्या दारात उभा राहून मला भाऊ, भाऊ म्हणत होता. बायकोची गाडी म्हणजे घरचीच, असं मी धरलं. कोणता नवरा धरत नाही? एक दिवसासाठी दिला होता. दुसऱ्या दिवशी परत मागायला गेलो तर त्याने मला पाहुण्यांत बसवलं, मेंढीचं डोकं समोर ठेवलं. एवढा मान मिळाल्यावर कोण म्हणणार, माझा डबा काढून दे. आईचं मला माहीत नव्हतं.

असो. झालं ते झालं. दूरोनबरोबर डबा पाठवला आहे. त्याच गाडीचा, त्याच सालचा, तपासून घेतलाय. तिच्या जुन्यापेक्षा सरस असेल, वाईट नक्की नाही. जोडणी दाबून बसवा, खट असा आवाज आला की झालं. हीटर असा चालेल की खिंडीत काचा खाली कराव्या लागतील.

मग शनिवारी निघायला हरकत नाही. शेजारणी रोज दारात येतात. आज तीन जणी आल्या होत्या, यंदा गहू कधी भिजत घालायचा, कढई कोण लावणार. एकीने तर मला विचारलं, कोचकोरला कुणी आजारी आहे का. मी म्हटलं नाही. मग म्हणाली, तुम्ही आजारी आहात का. जेवणाचं म्हणशील तर मी रोज अंडी खातो. घरात तिचं शिवणयंत्र वाजत नाही तर गॅरेजात मला काम सुचत नाही. हे ती ऐकत नसेल तेव्हा वाच, नाहीतर वाचूच नकोस.

आणखी लिहिणार होतो, पण दूरोन हॉर्न वाजवतोय. परवा पुन्हा लिहितो, आणि तेरवाही.

केनेशबेक

•

आत-बाशी, १३ मार्च

दाजी, सलाम.

ती ऐकत असतानाच वाचलं.

तुमचा डबा बसवला. खट आवाज आला. हीटर चालला, तुम्ही म्हणालात तसाच. ताईने गाडी बाजारापर्यंत नेऊन आणली. आम्ही मागे बसलो होतो, मामंजींनी टोपीसुद्धा काढली. मला वाटलं, संपलं, आता हिच्यासाठी वाटेचा डबा भरावा. तिने गाडी अंगणात लावली, स्क्रू-ड्रायव्हर घेतला, कप्पा सोडवला आणि तुमचा डबा काढून माझ्या हातात दिला.

"चांगला आहे," म्हणाली. "माझा नाही."

तो या पत्राबरोबर परत येतो आहे. फडक्यात नीट गुंडाळलाय, तुमच्या कुणा दुसऱ्या भावाला उपयोगी पडेल.

तुम्ही धंद्यातले जाणकार, मी गावातली सून, तरी एक सांगते. तुमच्याच पत्रात होतं, की गप्प झालेला डबा तार पुरेशी शांत झालेली ऐकली की मग बोलतो. इथे गप्प कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मात्र बोर्सोक काय, जिरगाल काय, मेंढीचं डोकं काय, अंडी काय. परवा लिहितो आणि तेरवाही. तुमची तार शांत कधी होणार? तिने तोंड उघडायचं तरी कुठे?

तेव्हा आता पत्र नको. चहाच्या पुडीत चिठ्ठी नको, दूरोनकडून निरोप नको. तुम्हाला शांत बसणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. पण तुमच्यावर मी उगाच रागावत नाही दाजी. तुमची सवय आहे मला. तुम्ही दोघं वेगळी राहायला लागलात तर सणाला मी कुणाची चेष्टा करायची?

सालकिनाय

•

आत-बाशी, १८ मार्च

हे पत्र कुणाच्या नावाने नाही. ज्याच्या कामाचं असेल त्याने घ्यावं.

काल दूरोनने एक पुडकं आणलं. आत चिठ्ठी नव्हती. उलटून, झटकून पाहिलं, कागदाचा कपटाही नव्हता. आत डबा होता. त्याच्या कडेला लाल चिंधी बांधलेली. तो खडखडायचा म्हणून ती मीच बांधली होती, रजईच्या उरलेल्या कापडाची. एवढे दिवस दुसऱ्याच्या गाडीत राहिला तरी ती कुणी सोडली नव्हती.

डबा बसवला. हीटर चालतो.

दूरोन न विचारता पुष्कळ सांगतो. जिरगालची गाडी हॉलच्या दारात थंड उभी आहे, आणि तो गॅरेजात येऊन आवाज चढवून गेला म्हणे. पाहुण्यांत बसवणार नाही म्हणाला. त्याला सांगावं, फ्यूज जपानहून येतोय.

गाडी इथून पुढे गॅरेजात नाही, माझ्या घराच्या अंगणात उभी राहील आणि किल्ली माझ्याकडे. तिच्यातलं काही नुसतं बघायचं असेल तरी मला विचारावं. मी कदाचित हो म्हणेन. विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

वाटेत कोचकोरला थांबून आईला घेणार आहे. तिला हीटर दाखवायचा आहे. शेजारणींना मी कोचकोरला आहे असं सांगितलंय ना, मग तेवढं तरी खरं होईल.

दूरोन आणखी एक म्हणाला. गॅरेजातल्या टेबलावर, मोटरी आणि तारा बाजूला सारून, ताटंच्या ताटं गहू भिजवून पसरून ठेवलाय. वर ओलं फडकं घातलंय. शेजारणींपैकी कुणी शिकवलेलं नाही. इतकी वर्षं कुणीतरी बघत होतं आणि मला वाटत होतं बघत नाही.

पण गहू फार दाट पसरलाय. असा कुजतो. विरळ करावा. पाणी हाताने शिंपडावं, मगाने ओतू नये, आणि ताटं शेगडीजवळून उचलावीत. हिरवा कोंब फुटला तर सुमोल्योक कडू होतो.

तो फुटायच्या आत मी येते.